पुडी चालते, पंप चालत नाही

(कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत छातीच्या विकारांच्या डॉक्टरांनी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. तुमच्या अध्यक्षांकडे मी निरोप दिला होता की ज्यांच्याकडे श्वासातून औषध ओढायचा पंप आहे त्यांनी येताना तो घेऊन यायचा. किती जणांनी आणलाय? हात वर करा बघू. सात. आणि घरी आहे पण आणला नाही, असे किती? बघा, हे हात दुप्पट आहेत. पिशवीत आहे पण शेजारी विहीणबाई बसल्यात म्हणून हात वर केला नाही, असेही दोन-चार असणार. त्यांना मी नंतर गाठीन.

आपल्याला चष्म्याची लाज वाटत नाही, कवळीची वाटत नाही, गुडघ्याला पट्टा बांधून लग्नात जेवायला बसतो. पंप मात्र लपवून ओढायचा. लग्न ठरत असलेल्या घरात तर पंप कपाटाच्या मागे जातो. हे का होतं याचं उत्तर मला वीस-बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही नीट सापडलेलं नाही. पण पंपाची भीती का वाटते, ते एका आजींनी मला चांगलं शिकवलं.

पासष्टीच्या पुढच्या या आजी. कधी विडी ओढली नाही. मिश्री होती, पण ती भाजताना निघणारा धूर सोडला तर फुप्फुसांच्या बाबतीत मिश्रीवर आळ घालता येत नाही, ती तोंडाचं वाटोळं करते. आजींचा खरा धूर चुलीचा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून चूल, त्यात गुऱ्हाळाच्या हंगामात चुलवाणापाशी चिपाड सारायचं काम. त्यांना मी फुंकून तपासायच्या मशीनसमोर बसवलं आणि म्हटलं, जोरात फुंका, थांबू नका, फुंका. त्या फुंकल्या, दमल्या, आणि मला म्हणाल्या, "बाई, फुंकणीत जनम गेला, आता हितं बी फुंकायचंच का?" त्यांच्या त्या एका वाक्यात त्यांच्या आजाराचा सगळा इतिहास होता. फुंकणी फुंकताना माणूस वाकलेला असतो, आणि फुंकून झालं की पुढचा श्वास तिथलाच, धुराचा घेतो. दिवसातून पन्नास वेळा, चाळीस वर्षं.

त्यांना मी पंप लिहून दिला. पुढच्या खेपेला पंप जसाच्या तसा, खोकं न फोडलेलं. का हो? तर, "त्यात स्टिरॉइड असतंय म्हणं. जावयानं मोबाईलवर बघितलं. हाडं ठिसूळ हुत्यात." बरं, मग दम लागल्यावर काय घेता? आजींनी कनवटीची कागदाची पुडी काढली. कुणा एका वैद्यबुवांकडून आणलेली, जडीबुटीची. सकाळी एक, संध्याकाळी एक, घेतली की तासा-दोन तासांत बरं वाटतं.

त्या पुडीत काय होतं ते देणाऱ्यानं कधी कागदावर लिहून दिलं नव्हतं. पण आजींचा चेहरा सांगत होता. चेहरा पुरणपोळीसारखा गोल झालेला, हात-पाय काटकुळे, पोट सुटलेलं, कातडी इतकी पातळ की बांगडी लागली तरी काळं-निळं व्हावं, आणि साखर तीनशेच्या घरात. हे सगळं कशानं होतं ते आमच्या व्यवसायातला विद्यार्थीही सांगेल. महिनोन् महिने पोटात गेलेल्या स्टिरॉइडनं. म्हणजे पंपात स्टिरॉइड आहे म्हणून पंप नको आणि पुडीत काय आहे ते माहीत नाही म्हणून पुडी चालते! आज मी इथं आले आहे ती या उलट्या हिशेबाबद्दल बोलायला.

आधी हिशेबच करू. तुमच्यापैकी बरेच जण सोसायटीत, कारखान्यात हिशेबनीस होते, तुम्हाला जमेल. आजींचा आजार म्हणजे सीओपीडी, धुरानं श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागतो तो. सीओपीडीनं उचल खाल्ली की आम्ही प्रेडनिसोलोन नावाची स्टिरॉइडची गोळी देतो, दिवसाला ४० मिलिग्रॅम. पंपात ब्युडेसोनाइड असेल तर एका ओढीत साधारण २०० मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ मिळून ४००. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीत ४०,००० आणि पंपात ४००. शंभरपटीचा फरक. आता खरं सांगायचं तर ही दोन औषधं एका तागडीत तोलता येत नाहीत, पंपातलं औषध मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम जास्त जोरकस असतं. पण ते जिथं पाहिजे तिथं, श्वासनळीच्या अस्तरावर पडतं, आणि जे गिळलं जातं त्यातलं बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकतं. गोळी मात्र आधी सगळ्या अंगात फिरते, हाडांत, डोळ्यांत, साखरेत, आणि मग कुठं फुप्फुसात पोचते. परसातल्या एका रोपाला पाणी घालायला तुम्ही तांब्या घेता की पाटाचं दार उघडता?

"उचल खाल्ली" असं मी मघाशी म्हणाले. डॉक्टर मंडळी एक्झॅसर्बेशन म्हणतात, तुम्ही ॲटॅक म्हणता. मला आपला जुना शब्द आवडतो. दुखणं उचल खातं. त्याचा दुसरा अर्थही या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीला येणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते, आणि हंगामभर कोयता चालवून ती फिटत नाही, पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसते. सीओपीडीची उचल तशीच. दम लागला, चार दिवस दवाखान्यात काढले, घरी आलात, बरं वाटलं. पण बऱ्याच जणांच्या बाबतीत आधीच्या जागेवर पूर्ण परत येणं होत नाही. आधी देवळाच्या सगळ्या पायऱ्या एका दमात चढत होता, आता मध्ये टेकावं लागतं. पुढच्या उचलीनंतर देवळात जाणंच सुटतं. आणि एकदा उचल झाली की पुढची लवकर येते. म्हणून या आजारात आम्ही रोजच्या धापेपेक्षा वर्षात किती वेळा उचल झाली हे आधी विचारतो. वर्षात दोनदा गोळ्या-इंजेक्शनं लागली किंवा एकदा ॲडमिट व्हावं लागलं, तर तो आमच्या दृष्टीनं धोक्याचा माणूस.

आणि अशी माणसं थोडी नाहीत. २०१६ साली भारतात सीओपीडीचे रुग्ण ५ कोटी ५३ लाख असल्याचा अंदाज होता, १९९० मध्ये तो २ कोटी ८१ लाख होता. पाश्चात्त्य पुस्तकांत हा सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार म्हणून शिकवत, आम्हीही तसाच शिकलो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहून आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. चूल, शेणी, तुराट्या, रॉकेल, आणि हो, रात्री खिडक्या लावून पेटवलेली डासांची कॉइल. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगरेटींइतके भरतात, असं मोजमाप आहे. नवऱ्याला विडी सोड म्हणून भांडणाऱ्या बायका रात्री उशाशी कॉइल लावून झोपतात.

आता स्टिरॉइड या शब्दाकडे येऊ. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन हे स्टिरॉइड टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडॉल आणि रायश्टाइन यांना नोबेल मिळालं. इतक्या झटपट नोबेल फार कमी औषधांना मिळालंय. आणि मग हळूहळू गोल चेहरे, मोडलेली हाडं, वाढलेली साखर दिसायला लागली. आजच्या तुमच्या भीतीचं मूळ तिथं आहे, आणि ती भीती खोटी नाही. फक्त ती पत्ता चुकून पंपाच्या घरी आली आहे.

दम्याच्या रुग्णांना स्टिरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या तेव्हा निकाल विचित्र आले. कुणाला जादू झाल्यासारखा फरक, कुणाला काहीच नाही. सरासरी काढली की फरक फार दिसेना. इंग्लंडमध्ये डर्बी नावाच्या गावी हॅरी मॉरो ब्राऊन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी काय केलं, तर रुग्णांचा बेडका काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. होय, बेडका. आमच्या व्यवसायात बेडक्याला किळस करून चालत नाही, त्याच्यात बातम्या असतात. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी होत्या त्यांना स्टिरॉइडचा गुण आला, ज्यांच्यात नव्हत्या त्यांना आला नाही. १९५८ मध्ये त्यांनी हे छापलं. इओसिनोफिल म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. इओसिन नावाचा रंग लावला की त्यांच्यातले दाणे डाळिंबाच्या दाण्यासारखे लालसर चमकतात.

पंपाचं यंत्र तोवर आलं होतं. रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं वडलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखा माझ्या औषधाचा डबा का नाही? १९५६ मध्ये तो डबा बाजारात आला. त्यात तेव्हा श्वासनळी मोकळी करणारं औषध होतं, स्टिरॉइड नव्हतं. फवाऱ्यातून बेक्लोमेथासोन हे स्टिरॉइड द्यायचे पहिले प्रयोग छापून आले ते १९७२ मध्ये, आणि ते करणारे पुन्हा तेच डर्बीचे ब्राऊनसाहेब. वर्षानुवर्षं गोळ्यांवर असलेल्या कितीतरी दमेकऱ्यांच्या गोळ्या त्या फवाऱ्यानं सुटल्या. म्हणजे पंपातलं स्टिरॉइड जन्माला आलंच मुळी पोटातलं स्टिरॉइड सोडवायला.

आता इथं मी तुम्हाला सावध करते, कारण या भाषणानंतर सगळ्यांनी उठून स्टिरॉइडचा पंप मागायचा असं मला म्हणायचं नाही. दमा वेगळा आणि सीओपीडी वेगळा. दम्यात स्टिरॉइडचा पंप हा पाया आहे, तो नसेल तर उपचारच नाही. सीओपीडीत तसं नाही. इथल्या सुजेत बऱ्याच जणांच्या बाबतीत इओसिनोफिल नसतात, न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात, आणि न्यूट्रोफिल स्टिरॉइडला फारसे जुमानत नाहीत. पण दोन्ही आजारांत धाप, दोन्हींत खोकला, त्यामुळे वर्षानुवर्षं दोघांना एकच पंप लिहून दिला गेला. आम्हा डॉक्टरांचाही हिशेब कुठं कुठं उलटा होता, हे कबूल करायला हवं.

मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा चित्र उघडं पडलं. आयसोल्ड नावाची ब्रिटिश चाचणी २००० साली छापून आली. ७५१ रुग्ण, तीन वर्षं, निम्म्यांना फ्लुटिकासोन हे स्टिरॉइड, निम्म्यांना औषध नसलेला नुसता फवारा. आशा अशी होती की फुप्फुसाची झीज थांबेल. ती थांबली नाही. पण उचली वर्षाला सरासरी १.३२ होत्या त्या ०.९९ वर आल्या, म्हणजे चौथा हिस्सा कमी. पुढं २००७ मध्ये टॉर्च नावाची सहा हजारांवर रुग्णांची चाचणी आली. स्टिरॉइड आणि नळी मोकळी ठेवणारं औषध, असा जोडपंप. तीन वर्षांत मृत्यू नुसत्या फवाऱ्यावर १५.२ टक्के, जोडपंपावर १२.६ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या चाळणीतून अगदी थोडक्यानं निसटला, त्यामुळे आयुष्य वाढतं असं छातीठोक म्हणता आलं नाही. उचली मात्र १.१३ वरून ०.८५ झाल्या. आणि सोबत एक नको असलेली बातमी आली. न्यूमोनिया १२.३ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर गेला.

ढोबळ हिशेब मांडा. शंभर रुग्णांना तीन वर्षं जोडपंप दिला तर ऐंशीच्या आसपास उचली टळतात, आणि सात जणांना जास्तीचा न्यूमोनिया होतो. सौदा बरा वाटतो. पण ज्याची उचल टळली तो आणि ज्याला न्यूमोनिया झाला तो, हे एकच माणूस नसतात! मग कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही?

याचं उत्तर शोधता शोधता सगळे पुन्हा डर्बीला पोचले. त्याच इओसिनोफिलपाशी, फक्त आता बेडक्यात नाही तर रक्तात. जुन्या-नव्या चाचण्यांची आकडेवारी पुन्हा उलगडून पाहिली तेव्हा दिसलं की रक्तात इओसिनोफिल जितके जास्त, तितका स्टिरॉइडच्या पंपाचा उचल टाळायला उपयोग जास्त. २०१८ मधल्या इम्पॅक्ट चाचणीत, १०,३५५ रुग्णांच्या, हेच दिसलं. आता गोल्ड या नावानं ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन पायऱ्या दिल्या आहेत. एका मायक्रोलिटर रक्तात ३०० किंवा त्याहून जास्त आणि उचलीही होतात, तर स्टिरॉइडचा पंप द्यावाच. १०० ते ३०० च्या मध्ये, तर विचार करून. १०० च्या खाली, तर नको. आणि पुन्हापुन्हा न्यूमोनिया होणारा असेल तरीही नको.

घरी गेल्यावर फायलीतला सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा रिपोर्ट काढा. हो, तोच, दीड-दोनशे रुपयांचा. त्यात एकूण पांढऱ्या पेशी लिहिलेल्या असतात आणि खाली इओसिनोफिल टक्क्यांत. समजा पेशी ८००० आणि इओसिनोफिल ४ टक्के, तर गुणून शंभरानं भागा, ३२०. शेजारच्या काकांच्या पेशी ९००० आणि इओसिनोफिल १ टक्का, ते झाले ९०. आजार एकच, गाव एकच, वयही एकच, आणि पंप वेगळा. म्हणून काकांचा पंप काकूंनी ओढू नये. आमच्या ओपीडीत नवरा-बायको एकच पंप वाटून घेतात, संसार म्हणतात तो हाच असावा.

पण या आकड्याच्याही खोड्या आहेत. पोटात जंत असतील तर इओसिनोफिल वाढतात, आणि शेतात अनवाणी राबणाऱ्या आपल्या भागात जंत काही नवलाई नाही. त्याउलट स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना रक्त तपासलं तर इओसिनोफिल गायब. पुडीवाल्या आजींचा आकडा शून्याजवळ आला होता. त्यावर विसंबले असते तर मी म्हटलं असतं, यांना पंपाचा उपयोग नाही. पुडी सुटल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो चारशेच्या पुढं होता. पुडी सोडवली तीही हळूहळू, डोस उतरवत. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं सोडून देतं, आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो. तुमच्या घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर इथून जाऊन ती चुलीत टाकू नका. पुडी देणाऱ्याशी भांडा, पण ती थांबवायची डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अजून एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकांत एका ओळीत उरकतात आणि आपल्याकडे तिच्यावर वेगळं भाषण व्हावं. टीबी. ज्यांना टीबी होऊन गेलाय त्यांच्या फुप्फुसात चट्टे राहतात, नळ्या वाकड्या-तिकड्या होतात, त्यांनाही धाप लागते, आणि त्यांच्या चिठ्ठीवरही सीओपीडी असं लिहिलं जातं. अशांना स्टिरॉइडचा पंप देताना दहादा विचार करावा लागतो, कारण त्यानं टीबी पुन्हा डोकं वर काढायचा धोका वाढतो. टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा. न विचारताच सांगा. चाळीस वर्षांपूर्वी झाला असेल तरी सांगा. मला ठाऊक आहे, सुनेसमोर सांगायला नको वाटतं. सुनेला बाहेर बसवा आणि सांगा.

(श्रोत्यांमधून एक प्रश्न: मग दम उसळल्यावर हाच पंप जास्त वेळा ओढायचा का?)

बरं झालं विचारलंत, नाहीतर मी विसरून पुढं गेले असते. नाही. सीओपीडीत रोजचा स्टिरॉइडचा पंप उचल येऊ नये म्हणून असतो. ऊन तापल्यावर कडुनिंबाचं झाड लावून उपयोग नाही, ते आधी लावायचं असतं. उचल झाली, म्हणजे धाप वाढली, बेडका वाढला, त्याचा रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला, यातलं काही दोन-तीन दिवसांत जाणवलं, तर रोजचा पंप चालू ठेवायचा, नळी झटपट मोकळी करणारा वेगळा पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या पोकळ नळीतून घ्यायचा, आणि डॉक्टरांकडे यायचं. तिथं गोळ्या लागतात, आणि तेव्हा गोळ्यांना घाबरायचं नाही. मघापासून मी गोळ्यांना शिव्या घालते आहे ती महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्यांना. उचलीतल्या गोळ्या पाच दिवसांच्या असतात. पूर्वी आम्ही दोन-दोन आठवडे देत होतो. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रिड्यूस चाचणीनं दाखवलं की ४० मिलिग्रॅम पाच दिवस आणि चौदा दिवस, दोन्हीकडे पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा उचल होण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच, छत्तीस टक्क्यांच्या आसपास. मग नऊ दिवस जास्तीचं विष कशाला? अँटिबायोटिक प्रत्येकाला लागत नाही, बेडक्याचा रंग बदलला असेल तर लागतं.

उचलीतही श्वासावाटे स्टिरॉइड देता येतं, पण नेब्युलायझरनं, म्हणजे वाफेच्या मशीननं, आणि मोठ्या डोसात. २००२ मध्ये माल्ते आणि सहकाऱ्यांनी १९९ रुग्णांवर पाहिलं. एका गटाला दर सहा तासांनी २ मिलिग्रॅम ब्युडेसोनाइडची वाफ, एका गटाला गोळ्या, एका गटाला दोन्ही नाही. वाफ आणि गोळ्या, दोन्ही गट बिनऔषधाच्या गटापेक्षा सरस ठरले, आणि वाफेच्या गटात साखर कमी चढली. म्हणून ॲडमिट झालेल्या, साखर आवरत नसलेल्या रुग्णाला आम्ही हा मार्ग देतो. पण दिवसाला किती झालं? आठ मिलिग्रॅम. आणि तुमच्या घरी जी छोटी प्लॅस्टिकची कुपी असते ती अर्ध्या मिलिग्रॅमची. सकाळ-संध्याकाळ एकेक कुपी वाफ घेऊन "डॉक्टर, स्टिरॉइडचीच वाफ चालू आहे, तरी उतार नाही" म्हणत चार दिवस घरी काढणारे मी पाहिलेत. औषधाचं नाव तेच, पण घागरीच्या जागी पळी आहे ही.

वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, किंवा माणूस झोपाळल्यासारखा, बरळल्यासारखा करत असेल तर वाफ-बिफ काही नाही, गाडी काढायची. आणि घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर पोरांनी घाबरून काटा शेवटपर्यंत फिरवायचा नाही. कोविडनं आपल्या डोक्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा ९५ टक्क्यांचा आकडा बसवलाय. सीओपीडीच्या उचलीत आम्ही ८८ ते ९२ ठेवतो, कारण जास्त ऑक्सिजननं यातल्या काही रुग्णांच्या अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात. टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णांवर हे तपासून २०१० मध्ये छापलं गेलं, मोजून ऑक्सिजन दिलेल्यांत मृत्यू स्पष्टपणे कमी होते.

(प्रश्न: पंपाची सवय लागते ना?)

नाही लागत. इडलीची लागते, मालिकेची लागते. पंप थांबवल्यावर त्रास होतो तो आजाराचा, छत्री मिटली की भिजतो तसा. त्याचे खरे त्रास सांगते, ते कुणी सांगत नाही. आवाज बसतो. तोंडात पांढरी बुरशी येते. दोन्हींवर उपाय एकच, पंप ओढून झाला की खळखळून गुळण्या आणि थुंकणे. गिळायचं नाही. दात घासायच्या आधी पंप ठेवलात तर आपोआप होतं. मोठा डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं आणि डोळे अधूनमधून तपासून घ्यायचे. आणि डॉक्टरांनी स्टिरॉइडचा पंप बंद करू म्हटलं तर "माझं औषध काढलं" म्हणून रुसू नका, तुमचा आकडा शंभराच्या खाली असू शकतो. आपल्या मनानं मात्र बंद करू नका, तीनशेच्या वरच्यांच्या उचली अशानं परत येतात.

आता शेवटचं काम, ज्याच्यासाठी पंप आणायला सांगितले होते. इतका वेळ जे चाचण्यांचे आकडे सांगितले ते पंप नीट ओढणाऱ्यांचे. आपल्याकडे मी काय काय पाहिलंय? रोटाहेलरची, म्हणजे कॅप्सूलच्या पंपातली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे. अत्तर लावल्यासारखा गळ्यावर फवारा मारणारे एक निवृत्त हेडमास्तर. टोपण न काढता ओढणारे. डबा रिकामा झाल्यावर तीन महिने नुसता वायू ओढणारे, कारण आवाज तर येतोय. स्पेसर नसेल तर फवाऱ्यातलं औषध दहातला एखाद-दुसरा हिस्साच फुप्फुसात जातो, बाकीचं घशाला. आणि गोंधळ असा की फवाऱ्याचा पंप हळू आणि खोल ओढायचा असतो, तर कॅप्सूलचा पंप झटक्यात, जोरात. दोन्ही एकाच पद्धतीनं ओढले की एक फुकट गेला म्हणून समजा.

तुम्ही, निळ्या शर्टातले काका, या पुढं. खुर्ची द्या त्यांना. आणलाय ना? दाखवा. बरं, हा फवाऱ्याचा आहे. मी काही सांगणार नाही, घरी जसा ओढता तसा ओढून दाखवा. हं. हलवला का आधी? नाही हलवला. हसू नका रे कुणी, तुमचाही नंबर आहे. पुन्हा. हलवा. आता श्वास बाहेर सोडा, सगळा, पोट आत जाईपर्यंत. नळी ओठांत घट्ट. दाबा आणि हळूहळू आत घ्या, घाई नाही, अजून, अजून. तोंड मिटा. आता थांबवून धरा, मी दहापर्यंत मोजते. एक, दोन, तीन...